ऑपरेशन तीन तासांचे, विश्रांती सहा आठवड्यांची

पोटाची चरबी काढणे, बाळंतपणानंतर सैल पडलेली कातडी कापून पोट सारखे करणे, ही ऑपरेशने एके काळी सिनेमातल्या मंडळींची समजली जात. आता तसे राहिलेले नाही. हप्त्यांवर ऑपरेशन करून देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती मोबाईलवर घरोघरी येतात आणि आपल्या चाळींतल्या, वस्त्यांतल्या भगिनीही चौकशी करू लागल्या आहेत. कोणी पोटाच्या घडीखाली उन्हाळाभर होणाऱ्या खाजेने, चट्ट्यांनी बेजार असते. कोणाचे वजन मोठ्या कष्टाने उतरलेले असते, पण कातडी मात्र तशीच लोंबत राहिलेली असते. कोणाला नुसते बरे दिसावेसे वाटते.

यावर नाक मुरडणाऱ्यांना आम्ही एकच आठवण देतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना मुद्दाम सांगितले होते की लुगडे नीट नेसा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले जडशीळ दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. आपल्या आयाबहिणींना ताठ मानेने, नीटनेटके राहू न देणे हाही जातीच्या जुलमाचाच भाग होता. तेव्हा एखाद्या भगिनीला आपल्या शरीराबद्दल काही वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. ऑपरेशन करावे की न करावे, हे तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावे. आम्ही आज बोलणार आहोत ते ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल. कारण जाहिरातीत आधीचे पोट दिसते, नंतरचे पोट दिसते. मधले सहा आठवडे कोणी दाखवत नाही. आणि जिच्या घरी पाणी भरायला दुसरे माणूस नाही, तिचे बरेवाईट त्या सहा आठवड्यांतच ठरते.

आत नेमके काय होते?

ही ऑपरेशने मुख्यतः दोन प्रकारची. पहिले लायपोसक्शन. यात कातडीला अगदी लहान छिद्रे पाडून बारीक नळीने चरबी ओढून घेतात. वरून जखम लहान दिसते, पण कातडीखाली नळी सगळीकडे फिरलेली असते. म्हणून आतून अंग ठेचल्यासारखे होते, काळेनिळे पडते, सुजते. दुसरे पोटाचे मोठे ऑपरेशन, ज्याला टमी टक म्हणतात. यात ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, सैल कातडी कापून टाकतात, बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू आतून टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीला नव्या जागी बसवतात. हे मोठे ऑपरेशन आहे. दोन्हींपैकी एकही वजन कमी करण्याचा उपाय नाही. वजन आधी उतरवून काही महिने एका जागी स्थिर ठेवावे लागते. पुढे मूल हवे असेल तर पोटाचे ऑपरेशन तूर्त लांबणीवर टाकणेच बरे.

हे काम प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेल्या सर्जनचे आहे. पाटीवर नुसते 'कॉस्मेटिक' लिहिले म्हणजे कोणी सर्जन होत नाही. पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च आयुष्मान भारतसारख्या सरकारी योजनेत बसत नाही, आरोग्य विमा कंपन्याही तो देत नाहीत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर शरीर पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र विम्यात वेगळी धरली जाते. तेव्हा सगळे पैसे खिशातून जायचे आहेत, आणि त्यात सहा आठवड्यांची बुडालेली मजुरीही धरायची आहे, हे आधी समजून घ्यावे.

पुण्याजवळची एक जुनी गोष्ट

प्लास्टिक सर्जरी परदेशातून आली असे पुष्कळांना वाटते. पण १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आपल्या पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली होती. इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या कैदेत सापडला होता आणि तेथे त्याचे नाक कापले गेले होते. कपाळाच्या कातडीचा तुकडा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले गेले. ते बसवणारा कोणी पंडित नव्हता, विटा घडवणाऱ्या जातीतला एक कारागीर होता. लेखात त्याचा उल्लेख केवळ जातीने आहे. ही हकीकत वाचून युरोपातले सर्जन त्या पद्धतीचा अभ्यास करू लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या लेखातली पुढची माहिती महत्त्वाची. ऑपरेशननंतर रोग्याला पाच-सहा दिवस उताणे झोपवून ठेवत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या सुरळ्या घालत. कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी सोडवत. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही पक्के ठाऊक होते की सुरीचे काम थोडे, आणि सांभाळण्याचे काम मोठे.

जखम भरते म्हणजे काय होते?

टाके काढले म्हणजे जखम भरली, हा फार मोठा गैरसमज आहे. वरची कातडी दहा-पंधरा दिवसांत जुळते खरी. पण आतला सांधा तेव्हा कच्चाच असतो. पहिले काही दिवस शरीर तिथे सूज आणून साफसफाई करते. मग नवे धागे विणू लागते. तीन आठवड्यांनंतरही त्या जागेची ताकद मूळच्या कातडीच्या सुमारे पाव हिश्शाएवढीच असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्याच्या फारशी पुढे ती कधीच जात नाही. पंधराव्या दिवशी 'आता बरे वाटते' म्हणून पाण्याचा हंडा उचलला, तर वरून काही न दिसता आतले टाके तुटू शकतात. बरे वाटणे वेगळे आणि बरे होणे वेगळे.

दिवसांचा हिशेब

पहिल्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर हळूहळू चालायला लावतात. दुखते म्हणून टाळू नये. अंथरुणाला खिळून राहिले तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये पहिला आठवडा-दीड आठवडा कमरेत वाकूनच चालावे लागते, ताठ उभे राहू नये. झोपताना पाठीमागे दोन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे पोटावर ताण येत नाही. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरावी.

जखमेतून पातळ लाल-पिवळे पाणी बाहेर जाण्यासाठी नळी ठेवतात. नळीच्या डबीत रोज किती पाणी जमले ते वहीत लिहून ठेवावे. ते पुरेसे कमी झाले की डॉक्टर नळी काढतात. पोटाला दाबून ठेवणारा पट्टा साधारण चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. पट्टे दोन घ्यावेत. पावसाळ्यात एका खोलीच्या घरात धुतलेला पट्टा दोन दिवस वाळत नाही आणि ओला पट्टा बांधला की कातडी खराब होते. पट्टा घट्ट हवा, पण त्याने श्वास अडता कामा नये.

सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलू नये. भरलेली कळशी त्याहून कितीतरी जड असते. दीड-दोन वर्षांचे मूल दहा किलोच्या आसपास असते. त्याला बसल्या जागी कुशीत घ्यावे, खालून उचलू नये. बसून कपडे धुणे, फरशी पुसणे, लोकलच्या गर्दीत लोंबकळणे, हे सगळे बंद. नुसते लायपोसक्शन झाले असेल तर बैठे काम आठवडाभरात, दहा दिवसांत जमू लागते. तरी त्याचाही निर्णय डॉक्टरांनीच द्यावा.

आपल्या घरांचा विचार करून आणखी काही सांगतो. सतरंजीवरून उठताना सगळा जोर पोटावर येतो, म्हणून एखादी खाट मागून आणावी. खाटेवरूनही एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे. सार्वजनिक संडासात उकिडवे बसणे पहिले काही आठवडे कठीण जाते. त्यासाठी भोक असलेली खुर्ची भाड्यानेही मिळते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो. विहारात पंचांग प्रणाम करू नये, खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना होते. वर्षावासात ग्रंथवाचनाला मांडी घालून बसायचा आग्रह कोणी धरू नये. आणि ऑपरेशनची तारीख घेताना १४ एप्रिल, दीक्षाभूमी, ६ डिसेंबर हे दिवस पाहून घ्यावेत. चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे किंवा नागपूरपर्यंत बसून प्रवास करणे ताज्या ऑपरेशनला झेपणारे नाही.

खाणेपिणे आणि मिसरी

'भात खाल्ला की टाके पिकतात', 'डाळीने पू होतो', असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांची काळजी खरी, पण समजूत खरी नाही. पू होतो तो जंतूंमुळे, डाळीमुळे नव्हे. उलट नवी कातडी विणायला शरीराला प्रथिने लागतात. अंडी, मासे, मटण, डाळी, चवळी, मटकी, शेंगदाणे, दूध, जे परवडेल ते रोज पोटात जावे. सुकट-बोंबील चालतात, पण धुऊन खारटपणा काढून घ्यावेत, कारण जास्त मीठ सूज वाढवते. पेरू, आवळा, लिंबू जखमेला मदत करतात. पुष्कळ पाणी प्यावे. अंगात रक्त कमी असेल तर ऑपरेशनच्या आधीच तपासून भरून काढावे.

साखरेचा आजार असेल तर जखम उशिरा भरते आणि लवकर पिकते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती त्रास दिला आणि स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांना त्यांच्या पथ्यपाण्याकडे किती लक्ष द्यावे लागले, हे आपण जाणतो. साखर आटोक्यात आल्याशिवाय हौसेच्या ऑपरेशनची तारीख घेऊच नये.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यातल्या पुष्कळ स्त्रिया मिसरी लावतात आणि डॉक्टरांनी 'सिगारेट ओढता का?' विचारले की 'नाही' म्हणतात. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आवळते. ओढून शिवलेल्या कातडीला मग पुरेसे रक्त मिळत नाही, आणि ती कडेने काळी पडून मरू शकते. म्हणून मिसरी, गुटखा, तपकीर, विडी, सगळे ऑपरेशनआधी निदान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे बंद हवे. डॉक्टरांना खरे सांगावे. सुटली तर कायमची सोडावी.

जखमेवर हळद, तेल, कॉफीची पूड, राख असे काही लावू नये. अंगारे-धुपारे आणि दृष्ट काढणे तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात शोभतच नाही. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी सांगितले तर, व्रणावर हलक्या हाताने चोळणे किंवा सिलिकॉनची पट्टी लावणे याचा उपयोग होतो. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होऊन वर येण्याची प्रवृत्ती अधिक असते. घरात कोणाचा व्रण तसा वाढला असेल तर ते आधीच सांगून ठेवावे.

केव्हा थांबू नये?

थोडे दुखणे, काळेनिळेपणा, सूज, पोटावर बधिरपणा, हे अपेक्षित आहे. बधिरपणा काही महिने राहतो. म्हणून त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, भाजले तरी कळत नाही. पण पुढीलपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे: थंडी वाजून ताप, जखमेभोवती वाढत जाणारी लाली, दुर्गंधी किंवा पू, एका बाजूला अचानक फुगलेले व ताणलेले पोट, टाक्यांची कड काळी पडणे, पट्टी वारंवार रक्ताने भिजणे. नळी काढल्यावर पोटात पाणी हलल्यासारखे वाटले तर तेही दाखवावे. सुईने ते काढता येते.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर ती गुठळीची खूण असू शकते. आणि एकाएकी दम लागला, छातीत दुखले, चक्कर आली, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. त्या वेळी १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि तेथे ऑपरेशन केव्हा, कसले झाले ते स्पष्ट सांगावे.

लपवण्याची किंमत

हे स्पष्ट सांगणेच अनेकींना जड जाते. शेजारणी हसतील, सासरचे बोलतील म्हणून 'मावशीकडे जाते' असे सांगून ऑपरेशन केले जाते आणि चौथ्या दिवशी काही झाले नाही असे दाखवत ओट्यापाशी उभे राहिले जाते. ताप आला तरी सांगायचे कोणाला? लपवलेल्या ऑपरेशनला मदतीचा हात मिळत नाही. ज्या घरात खरे बोलता येत नाही, त्या घरात हे ऑपरेशन करून घेऊ नये, असे आम्ही निक्षून सांगू.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. त्याच ठिकाणी चांगला रोगी कोण, हेही सांगितले आहे. जो औषध घेतो, काय सोसते त्याचे प्रमाण जाणतो आणि आपले दुखणे आहे तसे सांगतो, तो. आणि चांगला सेवक तो, जो घाणीची किळस करत नाही. नळीची डबी रिकामी करणे हे त्या वेळी घरात धम्माचेच काम असते. ते मुलीनेच करावे असा काही नियम नाही, नवऱ्याने आणि मुलानेही करावे.

मनाचेही असेच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट आधीपेक्षा मोठे दिसते, कारण सूज असते. 'पैसे गेले, जीव गेला आणि झाले काय?' असे वाटून रडू येते. हे पुष्कळांचे होते. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, लाल व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष. त्या काळात आरशापुढे रोज उभे राहू नये, आणि घरच्यांनी 'तुलाच हौस होती' असे म्हणू नये. पण रडू थांबत नसेल, झोप-जेवण तुटले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

विश्रांती ही चैन नव्हे

वर सांगितलेले बहुतेक सगळे सिझेरियन, हर्निया, पिशवी काढण्याचे ऑपरेशन यांनाही लागू पडते, आणि ती तर आपल्या घरोघरी होतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला व चौकशी समिती नेमली गेली. त्या स्त्रियांच्या पोटात टाके होते आणि डोक्यावर उसाची मोळी होती. ज्या कामात खाडा केला की पैसे कापले जातात, तिथे विश्रांती सांगणे सोपे आणि घेणे अवघड, हे आम्हांला माहीत आहे.

पण म्हणूनच ती मागावी लागते. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिचा भार मालक व सरकार यांनी उचलला पाहिजे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीतल्या स्त्री-कामगारांच्या प्रसूती-लाभ कायद्यातही त्यांनी सुधारणा केल्या. कष्टकरी बाईच्या शरीराला भरून यायला वेळ लागतो आणि तो वेळ तिच्या हक्काचा आहे, हा विचार आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

तेव्हा हौसेच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर लिहावे: सहा आठवडे पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, धुणीभांड्यांच्या घरी बदली कोण जाणार, लहान मुलाला कोण उचलणार, रात्री दवाखान्यात न्यायला कोण, आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कुठून येणार. प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव पडले तर पुढे जावे. एखादी जागा रिकामी राहिली तर ऑपरेशन थांबवावे. हे ऑपरेशन सहा महिन्यांनीही करता येते. आणि बाळंतपणाचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन थांबणारे नसेल, तर त्या रिकाम्या जागी शेजारणीने, महिला मंडळाने, विहारातल्या मंडळींनी आपणहून आपले नाव घालावे. आठवड्यातून दोन वेळा दोन कळशा पाणी आणून देणे कोणालाही जड नाही, आणि टाके घातलेल्या बाईच्या घरी त्याहून मोठी मदत दुसरी नाही.